पंप जास्त झाला तर? दम्याच्या औषधाचा डोस चुकल्यावर काय करायचं

आमच्या मेडिकलमध्ये एक आजोबा नेहमी येतात. सुरुवातीचा महिनाभर ते रोटाकॅपच्या कॅप्सूल पाण्याबरोबर चक्क गिळत होते. त्या मशीनमध्ये घालून ओढायच्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "पैसे गेले, दम तसाच," अशी तक्रार घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. अपाय मात्र काही झाला नव्हता. त्या कॅप्सूलमधलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एवढंसं पोटात गेलं तर फार काही बिघडत नाही, आणि दमही बसत नाही.

त्याच सुमारास एक आई आली. साडेतीन वर्षांच्या मुलाला अस्थालिनचं, म्हणजे साल्ब्युटामॉलचं सिरप चालू होतं, खोकल्यासाठी घरातलंच दुसरं एक सिरप दिलेलं, आणि वर शेजाऱ्यांच्या मशीनवर (औषधाची वाफ करणारा नेब्युलायझर) दोनदा वाफ. मुलगा रात्रभर झोपला नव्हता, हात कापत होते, दोनदा उलटी झाली होती. तिच्या मते ही तीन वेगवेगळी औषधं होती. मी बाटल्या फिरवून पाहिल्या, तर तिन्हीत एकाच जातीचं औषध! बाटल्या तिच्याच पिशवीत परत घातल्या आणि तिला रिक्षात बसवून सरळ कॅज्युअल्टीला पाठवलं.

दम्याच्या औषधात चूक केवढी झाली, हे वरवर पाहून कळत नाही. पंपाचे दहा फवारे ऐकायला भयंकर वाटतात, आणि गोळी चालू असताना जुलाबावर घेतलेलं साधं औषध कुणाच्या खिजगणतीतही नसतं. प्रत्यक्षात धोका बहुतेक वेळा दुसऱ्या ठिकाणीच असतो. आमच्या पुण्यात नोव्हेंबरमध्ये थंडी, दिवाळीचा धूर आणि खोदलेल्या रस्त्यांची धूळ एकत्र आली, की पहिल्यांदाच पंप घेणारी माणसं दुकानात वाढतात. त्यात शिकायला आलेली, खोली घेऊन एकटी राहणारी मुलं बरीच असतात. हे लिहिलंय ते अशा नव्या मंडळींसाठी. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं लिहून दिलं असेल तर ते खरं धरा.

आधी डबा उघडा

आपल्याकडे सगळ्यालाच "पंप" म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रंगावर अजिबात विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव आणि मिलिग्रॅम वाचा.

पहिली जात तात्पुरता आराम देणाऱ्या औषधांची: साल्ब्युटामॉल, लिव्होसाल्ब्युटामॉल, टर्ब्युटालिन. दम लागला की घ्यायची. दुसरी जात रोज घ्यायच्या पंपांची. त्यात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारखं स्टेरॉइड असतं आणि बऱ्याचदा फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल जोडलेलं असतं. तिसरी जात गोळ्यांची. मॉन्टेल्युकास्ट त्यातलं बऱ्यापैकी गरीब औषध. पण डेरिफायलिन किंवा थिओफायलिन लिहिलेली पट्टी घरात असेल, तर ती वेगळी काढून ठेवा. तिच्याकडे पुढे येतो.

आता थोडा हिशोब. साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. मशीनमध्ये घालायची नेहमीची रेस्प्यूल (तयार औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) अडीच मिलिग्रॅमची, म्हणजे कागदावर २५ फवारे. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २० फवारे. ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ४०. कागदावर एवढ्यासाठी म्हटलं, की पोटातून गेलेलं आणि श्वासातून गेलेलं औषध सारखं लागू पडत नाही, आणि मशीनमधलं बरंचसं हवेतच जातं. तरी अंदाज यावा. मुलाने खेळता खेळता पंप दोन-चारदा तोंडात उडवला तर थोडी थरथर, थोडा दंगा, यापलीकडे सहसा जात नाही. तेच मूल गोड सिरपची अर्धी बाटली प्यायलं, तर गोष्ट निराळी.

सिरपची चूक बहुतेक वेळा चमच्याने होते. घरातला पोह्याचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर नव्हे. बाटलीबरोबर येणारं झाकण किंवा सिरिंज वापरा. मशीनच्या औषधाचंही एक सांगतो. ते दोन प्रकारचं मिळतं: तयार रेस्प्यूल, आणि छोट्या बाटलीतलं घट्ट औषध. बाटलीतल्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असतात. ते सलाइनमध्ये मिसळून, मोजूनच घालायचं. रेस्प्यूलच्या सवयीने कुणी अडीच मिलिलिटर ओतलं, तर डोस थेट पाचपट होतो.

काही जास्त न घेताही जास्त होतं

थिओफायलिन हे जुनं आणि स्वस्त औषध, अजूनही भरपूर लिहिलं जातं. अडचण एवढीच, की उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. शरीर ते यकृतातून बाहेर काढतं, आणि यकृताच्या त्या वाटेत दुसरं कुणी आडवं आलं, की रोजचीच गोळी रक्तात साठत जाते.

उदाहरण घ्या. साठीचे काका डेरिफायलिनवर (त्यातही थिओफायलिनच असतं) दोन वर्षं ठणठणीत आहेत. बाहेरचं खाऊन जुलाब होतात. कपाटात मागच्या वेळची सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडते, ती सुरू करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ, मग उलट्या थांबत नाहीत, छातीत धडधड, रात्री डोळ्याला डोळा नाही. घरचे म्हणतात, पोटच बिघडलंय अजून. काकांनी एकही गोळी जास्त घेतलेली नसते, तरी हा ओव्हरडोसच. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनही हेच करतात. खूप ताप आला तरी पातळी चढू शकते. आणि गंमत म्हणजे, विडी-सिगारेट सोडल्यावरसुद्धा! धुरामुळे यकृत हे औषध भराभर संपवत असतं. धूर बंद झाला की तोच डोस जड होतो. म्हणून सिगारेट जरूर सोडा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना तसं कळवा.

थिओफायलिन घेणाऱ्या माणसाला उलट्या सुरू झाल्या, तर कारण कळेपर्यंत ते पोटाचं दुखणं आहे असं गृहीत धरू नका. पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं, अंग झटकणं यांपैकी काही सोबत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, रुग्णालय गाठा. या औषधाने आकडी येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पट्टीवर "रिटार्ड", "एसआर" किंवा "सीआर" असेल तर औषध पोटात हळूहळू सुटतं. त्यामुळे सकाळी चुकून जास्त गोळ्या घेतलेला माणूस दुपारी बरा दिसतो आणि रात्री कोसळतो. "आता बरा आहे, उद्या पाहू" हे इथे चालत नाही.

थरथर औषधाची, की झटका दम्याचा?

नव्या लोकांची सगळ्यात मोठी पंचाईत हीच. साल्ब्युटामॉल जास्त झालं की हात कापतात, छाती धडधडते, जीव घाबरा होतो, मळमळतं, डोकं दुखतं, कधी पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि साखर वर जाते. दम्याचा झटका आला तरी माणूस घाबरतो आणि नाडी पळते. मग पंप द्यायचा की काढून घ्यायचा?

श्वासाकडे पाहा, हाताकडे नंतर. त्याला पूर्ण वाक्य बोलायला सांगा. "मी पुण्यात राहतो आणि मला चहा हवाय" एवढं एका दमात बोलता आलं, छातीत घरघर नाही, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात नाही, तर त्रास बहुधा औषधाचा आहे. पंप बाजूला ठेवा, बसवा, शांत करा, डॉक्टरांना फोन लावा. दोन-तीन शब्दांनंतर दम तुटत असेल, मान आणि खांदे श्वासाला लागत असतील, ओठ काळेनिळे पडत असतील, तर तो झटका आहे. आधी घरघर होती आणि आता छाती एकदम शांत झाली पण माणूस गळून चाललाय, हे तर जास्तच वाईट.

दोन्ही एकत्र असेल तर? झटका समजा. "आधीच खूप पंप झालेत" म्हणून धाप लागलेल्या माणसाच्या हातातून पंप काढून घेणं ही मी पाहिलेली सगळ्यात धोक्याची चूक. रुग्णवाहिका येईपर्यंत स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) एकेक फवारा, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून, दहापर्यंत द्यायला आणीबाणीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रुग्णालयातही मोठ्या झटक्यात पहिल्या तासात असेच फवारे किंवा वाफ पुन्हा पुन्हा देतात. हात कापतील, कापू देत.

करोनातला ऑक्सिमीटर कपाटात असेलच, तो काढा. सेल बदला, आणि बोटाला गडद नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. ऑक्सिजन ९२ च्या खाली, किंवा मोठ्या माणसाची नाडी शांत बसूनही १२० च्या वर राहतेय, तर आणखी वाट पाहू नका. मात्र आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

पहिली दहा मिनिटं

बेशुद्धी, आकडी, छातीत दुखणं, ठोके चुकणं किंवा वर सांगितलेली धाप, यांतलं काहीही असेल तर पहिला फोन १०८. हा नंबर फुकट आहे. पत्ता सांगताना सोसायटीच्या नावावर भागवू नका. पुण्यात एकाच नावाच्या चार सोसायट्या सापडतात. जवळचा चौक, शाळा किंवा देऊळ सांगा आणि एका माणसाला गेटवर उभं करा.

माणूस शुद्धीत असेल तर तोंडात उरलेली गोळी थुंकायला लावा आणि त्याला टेकून बसवा. बेशुद्ध पण श्वास चालू असेल तर डाव्या कुशीवर वळवा. आकडी आली तर आजूबाजूच्या वस्तू हटवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि वेळ बघा. चमचा, कांदा, चप्पल यांपैकी काहीही तोंडाशी किंवा नाकाशी न्यायचं नाही.

हातासरशी एका कागदावर लिहा: औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, अंदाजे किती, किती वाजता, माणसाचं वय, मुलाचं वजन, बाकी चालू औषधं आणि हृदय, मधुमेह, किडनी यांचे आजार. नक्की किती घेतलं हे माहीत नसेल तर पट्टीवरची रिकामी घरं मोजा आणि जास्तीत जास्त किती असू शकेल तो आकडा सांगा. बाटली, पट्टी, पंप सगळं पिशवीत घाला. उलटीत गोळ्या दिसल्या तर तेही सांगा.

लक्षणं काहीच नाहीत पण डोस चुकलाय, अशा वेळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सल्ला देतं: १८०० ११६ ११७, टोल-फ्री. मात्र लहान मुलाने सिरप किंवा गोळ्या खाल्ल्या असतील, किंवा थिओफायलिन असेल, तर लक्षणांची वाट न पाहता निघा. फोन रिक्षातूनही करता येतो.

जायचं कुठे? जवळ जिथे चोवीस तास कॅज्युअल्टी आणि आयसीयू आहे तिथे. पुणे स्टेशनजवळचं ससून किंवा पिंपरीतलं वायसीएम जवळ पडत असेल तर तिथे. संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावरून "आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे" शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आणि स्कूटरवर दोघांच्या मध्ये पेशंट दाबून बसवणं बंद करा. चक्कर आली तर धरणार कसं?

आजीचे उपाय इथे नकोत

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं आपल्याकडे अजूनही चालतं. नका करू. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मीठ जास्त झालं तर मुलाच्या रक्तातलं सोडियम चढून नवंच संकट उभं राहतं. दूध, ताक, लिंबू यांनी हे औषध उतरत नाही. रुग्णालयात कोळशाची पावडर देतात हे खरं, पण ती खास तयार केलेली असते. चुलीतला कोळसा त्यासाठी चालत नाही.

चहाही देऊ नका. घाबरलेल्याला आधी चहा हा आपला धर्मच आहे, अमृततुल्य कोपऱ्यावरच असतं. पण चहा-कॉफीतलं कॅफिन आणि थिओफायलिन सख्खे चुलतभाऊ. थिओफायलिन १८८८ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं तेच मुळी चहाच्या पानांतून. धडधडीवर कॅफिन म्हणजे आगीत तेल.

आणखी दोन गोष्टी, ज्या चांगल्या हेतूने केल्या जातात. एक, थरथर थांबावी म्हणून घरात कुणाच्या अर्धशिशीसाठी किंवा घाबरेपणासाठी आणलेली प्रोप्रानोलॉलची गोळी. दमेकऱ्याच्या श्वासनलिका तिने घट्ट आवळू शकतात. दोन, मधुमेही माणसाची साखर अचानक चढलेली पाहून घरीच जास्तीचं इन्सुलिन टोचणं. आधीच खाली आलेलं पोटॅशियम त्याने आणखी खाली जातं. झोपेची गोळीही नको.

रुग्णालयात काय होतं

ईसीजी काढतात, रक्तातलं पोटॅशियम आणि साखर बघतात, सलाइन लावतात, गरजेप्रमाणे पोटॅशियम देतात. लवकर पोचलात तर ती कोळशाची पावडर. थिओफायलिन फार चढलं असेल तर डायलिसिसही करावं लागतं. साल्ब्युटामॉलचा असर बहुतेकदा काही तासांत ओसरतो, म्हणून चार-सहा तास बसवून घरी सोडतात. हळू सुटणाऱ्या गोळ्या असतील तर मुक्काम वाढतो. "बरं वाटतंय" म्हणून सही करून उठू नका.

विषबाधेची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होऊ शकते आणि पोलीस दोन प्रश्न विचारतात. मुलाने चुकून सिरप प्यायल्यावरही विचारतील. घाबरून माहिती लपवू नका. तातडीचा उपचार कागदपत्रांसाठी अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

कधी कधी गोळ्या चुकून घेतलेल्या नसतात. खोलीत एकटा राहणारा मुलगा, परीक्षा, नोकरी, घरचं काही. असं वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका, उरलेली औषधं तिथून हलवा, आणि तो ठीक दिसला तरी रुग्णालयात न्या. डॉक्टरांना खरं सांगा. उपचार त्यावर ठरतात. रागावणं, "का केलंस" विचारणं, सगळं नंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसावर खूप ताण होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा देणं हा हेतू नाही. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

घरी आल्यावर

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा रोजचा पंप घाबरून आपल्या मनाने बंद करू नका. रोजच्या पंपाचे दोन फवारे एखाद्या दिवशी जास्त झाले तर चूळ भरा, त्यासाठी कॅज्युअल्टी गाठायची गरज नाही. त्यात फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असेल तर थरथर काही तास राहील. मॉन्टेल्युकास्टच्या चघळायच्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या लागतात, म्हणून त्या वरच्या फळीवर. आजीच्या पर्सकडेही लक्ष द्या. पाहुणी आलेली नातवंडं पहिली तीच उघडतात.

खोकल्याचं सिरप घेताना मागे घटक वाचा, किंवा आम्हाला विचारा. दुकानात गर्दी असली तरी विचारा. दम्याची औषधं आधी चालू आहेत हे प्रत्येक नव्या डॉक्टरांना, दातांच्यासुद्धा, सांगा.

माझ्याकडे एक रिक्षावाले दर महिन्याला साल्ब्युटामॉलचा नवा पंप नेत. एका पंपात २०० फवारे असतात. म्हणजे दिवसाला सहा-सात. "जास्त होतोय का हो?" असं त्यांनीच एकदा हात पुढे करून, बोटं कापताना दाखवत विचारलं. होत होताच. पण पंप कमी करा म्हणून भागणार नव्हतं. छातीतली सूज कुणी बघितलीच नव्हती आणि ते नुसत्या तात्पुरत्या आरामावर दिवस काढत होते. वर्षाला तीन किंवा जास्त पंप संपले तरी झटक्याचा धोका वाढलेला मानतात, आणि बारा संपले तर जिवाचा. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही मोठ्या माणसांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असंच सांगतात. त्यांना रोजचा स्टेरॉइडचा पंप सुरू झाला, आता जुना पंप चार-पाच महिने पुरतो.

तुमचे किती संपतात हे आठवत नसेल तर पंपावर स्केचपेनने उघडल्याची तारीख लिहा. रिकामे पंप फेकू नका, एका पिशवीत साठवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ओता.